देवगिरीचे सोने आणि दिल्लीची फौज: अलाउद्दीन खिलजीच्या विजयांचा हिशेब

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कड्याचा एक सुभेदार काही हजार स्वारांनिशी देवगिरीवर चालून येतो आणि यादवांसारखे संपन्न राज्य काही दिवसांत गुडघे टेकते, हे घडले कसे? पुढे हाच माणूस दिल्लीचा सुलतान होऊन थेट मदुरेपर्यंत फौजा पाठवतो, तरी दक्षिणेतील एकही राज्य लगेच खालसा का करत नाही? आणि यादवांचे राज्य बुडाल्याचे वर्ष कोणते धरावे, १२९६, १३१३ की १३१८?

मी मध्ययुगीन भारताचा इतिहास अनेक वर्षे शिकवतो आहे, आणि अलाउद्दीनचा विषय निघाला की वर्गात चर्चा फार लवकर दोन टोकांना जाते. एका टोकाला तो केवळ क्रूर लुटारू असतो, दुसऱ्या टोकाला अजिंक्य सेनानी. त्याच्या क्रौर्याविषयी पुढे लिहिणारच आहे, कारण ते टाळून त्याचा इतिहास सांगता येत नाही. परंतु त्याच्या विजयांचा उलगडा करायचा असेल तर पहिला प्रश्न ‘फौजेचा पगार कुठून आला?’ हा विचारावा, असे माझे ठाम मत आहे. अलाउद्दीनला हा प्रश्न त्याच्या आधीच्या कोणत्याही सुलतानापेक्षा नीट कळला होता. देवगिरी त्याने पैशासाठी गाठली, दिल्लीची गादी त्या पैशाने मिळवली, फौज स्वस्तात पोसता यावी म्हणून बाजारभाव बांधले आणि त्या फौजेला दक्षिणेत धाडून पुन्हा खजिना भरला. ही साखळी लक्षात घेतली की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली दिसतील.

त्याचे मूळ नाव अली गुर्शास्प. खिलजी घराण्याची गादी १२९० मध्ये स्थापन करणारा जलालुद्दीन हा त्याचा चुलताही होता आणि सासराही. मलिक छज्जूचे बंड मोडल्यावर अलीला कड्याची, म्हणजे आजच्या प्रयागराजजवळच्या गंगाकाठच्या प्रांताची, सुभेदारी मिळाली. बायकोशी त्याचे पटत नव्हते, सासू मलिका-इ-जहान त्याला पाण्यात पाहत असे, आणि घरातील ही धुसफूस त्याला दिल्लीपासून दूर राहण्यास पुरेशी होती. कड्यात त्याच्याभोवती छज्जूचे जुने साथीदार जमले. गादी हवी असेल तर आधी माणसे हवीत आणि माणसे हवी असतील तर आधी पैसा हवा, हे त्यांनी त्याच्या मनात भरवले, असे चौदाव्या शतकातला दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. १२९३ च्या सुमारास त्याने भिलसा, म्हणजे आजचे विदिशा, लुटले. ती लूट त्याने इमानाने सुलतानापुढे ठेवली आणि बदल्यात अवधचा प्रांतही मिळवला. पण भिलशाहून तो लुटीपेक्षा मोलाची एक गोष्ट घेऊन परतला होता, ती म्हणजे विंध्यापलीकडच्या देवगिरी नावाच्या श्रीमंत राजधानीची बातमी.

ही बातमी खोटी नव्हती. रामदेवराव यादवाच्या काळात देवगिरी हे दख्खनमधील व्यापाराचे मोठे केंद्र होते. श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री याच दरबारातला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या यदुवंशीय श्रीरामचंद्राचा उल्लेख येतो तो हाच राजा, आणि ग्रंथाचा काळ शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० आहे. देवगिरीवरील स्वारी त्यानंतर सहाच वर्षांनी झाली. १२९६ च्या पूर्वार्धात देवगिरी लुटली गेली आणि त्याच वर्षाच्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. या दोन घटना मराठी माणूस सहसा एकत्र आठवत नाही, पण त्या एकाच वर्षातल्या आहेत.

आता स्वारीकडे वळू. फेब्रुवारी १२९६ च्या अखेरीस अलाउद्दीन कड्याहून निघाला. बरनी तीन-चार हजार स्वार आणि दोन हजार प्यादे म्हणतो, बराच नंतरचा इतिहासकार फिरिश्ता आठ हजार स्वार म्हणतो. कोणताही आकडा घेतला तरी राजधानी जिंकण्यासाठी ही फौज लहानच होती. सुलतानाला त्याने चंदेरीकडे जातो असे कळवले. कड्यात मागे ठेवलेला अला-उल-मुल्क दिल्लीला आश्वासक पत्रे पाठवत राहिला. हा अला-उल-मुल्क बरनीचा सख्खा चुलता, त्यामुळे या भागातील बरनीच्या तपशिलाला घरच्या आठवणींचे मोल आहे. वाटेत अलाउद्दीनने अशी आवई उठवून दिली की, मी सुलतानाशी बिनसलेला सरदार असून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी शोधायला चाललो आहे. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे थोडी विश्रांती घेऊन तो एकदम देवगिरीच्या रोखाने वळला. लाजौऱ्याच्या घाटात कान्हा नावाच्या यादव सरदाराने त्याला अडवले, आणि त्या लढाईत दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या, असे इसामी नमूद करतो. इसामी पुढे दौलताबादेत राहिलेला आणि बहमनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिणारा असल्यामुळे ही स्थानिक आठवण त्याच्या कानावर आली असावी.

देवगिरीत त्या वेळी फौज नव्हती, हे या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. राजपुत्र शंकरदेव मुख्य सैन्य घेऊन बाहेर गेला होता. जमतील तेवढ्या लोकांनिशी रामदेवरावाने सामना दिला आणि मग तो किल्ल्यात शिरला. मी विद्यार्थ्यांना दौलताबादेस घेऊन जातो तेव्हा ते तासलेला कडा, खंदक आणि अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, पाहून विचारतात की हा किल्ला पडलाच कसा? त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. आज दिसणारे सगळे बांधकाम १२९६ मधील नाही. तटबंदीचा बराचसा विस्तार नंतरच्या राजवटींनी केला आणि चांद मिनार तर बहमनी काळातला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. किल्ला लढून पडला नाही, तो रसदीवाचून पडला. फिरिश्ता सांगतो ते असे: कोकणातून विक्रीसाठी आणलेल्या मिठाच्या गोण्या व्यापारी किल्ल्याजवळच टाकून पळाले होते. किल्ल्यात शिरण्याच्या घाईत रामदेवरावाच्या लोकांनी त्या धान्याच्या समजून आत ओढून घेतल्या, आणि वेढा पडल्यावर तोंडे सोडून पाहतात तो आत मीठ. फिरिश्ता या घटनेनंतर तीनशे वर्षांनी, विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहीत होता, त्यामुळे ही हकीकत शब्दशः घेण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण भरल्या कोठारांची काळजी न घेता लढाईला सामोरी गेलेली राजधानी कशी अडचणीत येते, याचे इतके बोलके चित्र दुसरे नाही.

अलाउद्दीननेही डाव नीट खेळला. आपण फक्त आघाडीची तुकडी आहोत आणि मागून सुलतानाचे वीस हजार स्वार येत आहेत, असे त्याने पसरवले. रामदेवरावाने तह केला, आणि तह झाल्यावर शंकरदेव सैन्यानिशी परतला. बापाने नको म्हटले असतानाही त्याने हल्ला चढवला. लढाई अलाउद्दीनच्या हातून निसटत आली होती. तेवढ्यात किल्ल्याच्या वेढ्यावर एक हजार स्वारांसह ठेवलेला मलिक नुसरत धूळ उडवीत मदतीला धावून आला. यादव सैन्याला वाटले की ती दिल्लीची वीस हजारांची फौज आली. सैन्य फुटले. दुसऱ्या तहाच्या अटी अर्थातच पहिल्यापेक्षा जबर होत्या: फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे ६०० मण सोने, १,००० मण चांदी, ७ मण मोती, २ मण रत्ने, ४,००० रेशमी वस्त्रे, आणि शिवाय एलिचपूर प्रांताचा वसूल दरसाल. हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे की त्या काळचा दिल्लीचा मण आजच्या हिशेबाने बारा ते पंधरा किलोच्या दरम्यानचा होता, आपल्या ओळखीचा चाळीस शेरांचा मण नव्हे. तरीसुद्धा ही लूट अफाट होती. जूनच्या सुरुवातीस अलाउद्दीन कड्याला परतलाही होता. हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर जाऊन, लढून, खजिना लादून साधारण तीन महिन्यांत माघारी येणे, आणि तेही वाटेतील माळवा व खानदेशातील सत्ताधीशांना एकत्र येण्याची फुरसत न देता, ही त्याच्या लष्करी बुद्धीची खरी कसोटी होती असे मला वाटते.

पुढचे प्रकरण काळेकुट्ट आहे. जलालुद्दीनचा या पुतण्यावर जीव होता. अलाउद्दीनचा भाऊ अल्मास बेग याने म्हाताऱ्या सुलतानाला पटवले की अलाउद्दीन घाबरला आहे, जवळ विष बाळगून आहे, आणि तुम्ही स्वतः जाऊन धीर दिला नाही तर जीव देईल. जुलै १२९६ मध्ये सुलतान गंगेतून नावेने, मोजक्या निःशस्त्र माणसांसह, कुराण वाचत काठाला आला. अलाउद्दीन त्याच्या पाया पडला, सुलतानाने त्याचा गाल कुरवाळला, आणि त्याच क्षणी इशारा होऊन मारेकरी पुढे झाले. बरनीने हा प्रसंग लिहिताना आपला संताप लपवलेला नाही, आणि तो वाचताना आजही अंगावर काटा येतो.

भर पावसाळ्यात तो दिल्लीकडे निघाला. दर मुक्कामाला छोट्या मंजनिकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, पाच मण सोन्याच्या चांदण्या जमलेल्या लोकांवर उधळल्या जात. बदायूँला पोहोचेपर्यंत त्याच्यामागे ५६ हजार स्वार जमले, असे बरनी लिहितो. जलालुद्दीनचे सरदार एकामागून एक येऊन मिळाले आणि प्रत्येकाला मणांनी सोने मिळाले. ऑक्टोबर १२९६ मध्ये त्याने दिल्लीत गादी घेतली. देवगिरीच्या सोन्याने दिल्ली विकत घेतली गेली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. आणि पुढची पायरी पाहा: गादी स्थिर होताच, ज्या सरदारांनी सोने घेऊन जुन्या धन्याची साथ सोडली होती त्यांनाच त्याने पकडले, कित्येकांचे डोळे काढले, मालमत्ता जप्त करून खजिन्यात जमा केली. ज्यांनी त्याचे सोने घेतले नव्हते असे तिघेच तेवढे वाचले.

उत्तरेतील मोहिमा मी भराभर सांगतो, कारण त्यांच्या तारखा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. १२९९ मध्ये उलुघ खान (हाच तो अल्मास बेग) आणि नुसरत खान यांनी गुजरात जिंकला, राजा कर्ण वाघेला देवगिरीच्या आश्रयाला पळाला, सोमनाथाचे मंदिर पुन्हा उद्ध्वस्त झाले. खंबायतच्या एका व्यापाऱ्याकडून ‘हजार दिनारी’ म्हणून ओळखला जाणारा काफूर हा गुलाम याच वेळी हाती लागला. परतीच्या वाटेवर जालोरजवळ लुटीचा पाचवा हिस्सा सक्तीने वसूल करण्यावरून मंगोल वंशाच्या नवमुसलमान सैनिकांनी बंड केले. पैशाच्या वाटणीवरून फौज किती लवकर उलटते, हा धडा त्यातून सुलतान शिकला. १३०१ मध्ये रणथंभोर पडले. त्या वेढ्यात किल्ल्यातून सुटलेल्या दगडाने नुसरत खान मेला, आणि हम्मीरदेव लढता लढता पडला. १३०३ मध्ये आठ महिन्यांच्या आसपास चाललेल्या वेढ्यानंतर चितोड पडले आणि तीस हजार हिंदूंची कत्तल करण्याचा हुकूम झाला. हा आकडा शत्रूपक्षाचा नव्हे, सुलतानासोबत चितोडला असलेल्या अमीर खुसरोचाच आहे. पद्मिनीचा उल्लेख मात्र खुसरोही करत नाही आणि बरनीही नाही. ती कथा मलिक मुहम्मद जायसीच्या १५४० च्या काव्यातून आपल्याला ठाऊक आहे. परीक्षेत चितोडच्या वेढ्याचे कारण म्हणून ती लिहू नये. माळवा १३०५, सिवाना १३०८, जालोर १३११, असा राजस्थान आणि माळव्याचा क्रम पुढे चालू राहिला.

या साऱ्यात १३०३ हे वर्ष अधिक बारकाईने पाहावे. चितोडच्या वेढ्यात फौज थकली होती, काकतीयांच्या वरंगळकडे पाठवलेली दुसरी फौज पावसाने आणि पराभवाने खिळखिळी होऊन परतत होती, आणि नेमक्या याच वेळी मंगोल सेनानी तर्घी दिल्लीच्या दाराशी येऊन बसला. यमुनेचे उतार त्याने अडवले. अलाउद्दीन सिरीच्या मैदानात खंदक खणून, काटेरी फळ्यांचा आडोसा करून सुमारे दोन महिने बसून राहिला, आणि शहरात धान्य येणे जवळजवळ थांबले. तर्घी अखेर स्वतःहून परत गेला. पण धान्याच्या गाड्या अडल्या की सल्तनत अडते, हे अलाउद्दीनने या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. यानंतर सिरीची तटबंदी उभी राहिली, सरहद्दीवरील जुने किल्ले दुरुस्त झाले आणि मोठी कायमची फौज ठेवण्याचे ठरले. १३०५ मध्ये अमरोह्याजवळ मंगोलांचा जो दणदणीत पराभव झाला तो या तयारीमुळे, आणि त्या लढाईतील दिल्लीचा सेनापती मलिक नायक होता.

फौज मोठी आणि पगार रोख, हे गणित बसवायचे कसे? जहागिरी वाटल्या असत्या तर सरदार शिरजोर झाले असते, आणि पगार वाढवला असता तर खजिना पाच-सहा वर्षांत रिता झाला असता. म्हणून त्याने उलट्या बाजूने सुरुवात केली. एका घोड्याच्या स्वाराचा वार्षिक पगार २३४ टंके (चांदीची नाणी) ठरवला, दुसरा घोडा बाळगणाऱ्यास ७८ टंके जादा, आणि या पगारात त्याचे घर, शस्त्रे व घोडे सगळे भागेल इतके बाजारभाव खाली आणले. गहू मणाला साडेसात जितल (टंक्याखालचे लहान नाणे), जव चार, तांदूळ पाच, हरभरा पाच. एका टंक्याचे ४८ जितल धरले तर स्वाराच्या हाती महिन्याला ९३६ जितल पडतात, म्हणजे तेवढ्यात सव्वाशे मण गहू यावा. या एका हिशेबावरून कळते की भाव बांधण्यामागे शिपायाचे पोट होते. दिल्लीच्या गोरगरिबांना त्याचा फायदा झाला हे खरे, पण तो हेतू नव्हता. घोड्यांचेही भाव ठरले: उत्तम घोडा १०० ते १२० टंके, मध्यम ८० ते ९०, त्याखालचा ६५ ते ७०. पागेत एकच घोडा दोनदा दाखवून पगार उकळण्याची चाल बंद व्हावी म्हणून घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचा हुलिया, म्हणजे चेहऱ्यामोहऱ्याचे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत आली.

भाव कागदावर बांधणे सोपे असते, ते टिकवणे कठीण. गंगा-यमुनेमधल्या दुआबातील खालसा, म्हणजे थेट सरकारी ताब्यातील, गावांचा सारा धान्यरूपाने घेऊन दिल्लीच्या कोठारांत साठवला गेला. धान्य वाहणाऱ्या तांड्यांच्या नायकांना बायकामुले आणि जनावरांसह यमुनेकाठच्या गावांत वसवले, जेणेकरून ते एकमेकांना जामीन राहतील. कापडासाठी बदायूँ दरवाजाजवळ सराय-ए-अदल उघडली आणि मुलतानी व्यापाऱ्यांना खजिन्यातून २० लाख टंके उचल दिली. मंडीचा शहना (बाजारावरचा अधिकारी), गुप्त हेर आणि बातमीदार अशा तिन्ही वाटांनी सुलतानाला रोजचे भाव कळत, आणि तिघांच्या माहितीत फरक आढळला तर शहन्याची खैर नसे. बरनीचा एक तपशील मला फार बोलका वाटतो. सुलतान आपल्या कबुतरखान्यातील लहान गुलाम पोरांच्या हाती थोडे पैसे देऊन त्यांना बाजारात पाठवी, एकाला रोटी आणायला, दुसऱ्याला हलवा, तिसऱ्याला फळे. पोरांनी आणलेला जिन्नस तोलला जाई आणि जितके वजन कमी भरे तितके मांस दुकानदाराच्या अंगातून कापून काढले जाई. दिल्लीचा बाजार स्वस्त राहिला तो अशा धाकाने.

या व्यवस्थेची किंमत शेतकऱ्याने मोजली. जमीन मोजून उत्पन्नाचा निम्मा हिस्सा सारा म्हणून ठरला, वर चराई आणि घरपट्टी. खूत, मुकद्दम, चौधरी, म्हणजे आपल्याकडच्या पाटील-देशमुखांसारखे गावोगावचे वतनदार, यांच्या सगळ्या सवलती गेल्या. बरनी आनंदाने सांगतो की त्यांना घोड्यावर बसणे, चांगले कपडे घालणे आणि पान खाणेही परवडेनासे झाले. त्याच्या लिखाणात ‘हिंदू’ हा शब्द येतो तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच वर्ग त्याच्या डोळ्यांसमोर आहे, हे ध्यानात ठेवून तो मजकूर वाचावा. परंतु निम्मा सारा देणाऱ्या साध्या कुळाचे हाल त्याहून वेगळे नव्हते, कारण त्याला उरलेले धान्यही ठरल्या भावाने शेतातच विकावे लागे.

येथे काझी मुघीसुद्दीनचा प्रसंग सांगायलाच हवा, कारण माझ्या मते साऱ्या कारकिर्दीची किल्ली त्यात आहे. बयान्याच्या या काझीला सुलतानाने विचारले की, मी सुभेदार असताना इतके कष्ट करून देवगिरीहून जे धन आणले ते माझे की बैतुल-मालाचे, म्हणजे सार्वजनिक खजिन्याचे? काझीने जिवाची आशा सोडून उत्तर दिले की ते लष्कराच्या बळावर मिळाले, म्हणून ते खजिन्याचे, आणि तुमचा वाटा एका शिपायाइतका. सुलतान भडकला, उठून आत गेला. काझी घरी जाऊन कुटुंबाचा निरोप घेऊन आला. पण दुसऱ्या दिवशी सुलतानाने त्याला खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि एक हजार टंके दिले आणि सांगितले की, शरीअतीत काय बसते ते मला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचे जे मला दिसते तो हुकूम मी देतो. अलाउद्दीनला केवळ धर्मयोद्धा ठरवणाऱ्यांनी, तसेच त्याच्या फौजांनी फोडलेली मंदिरे नजरेआड करणाऱ्यांनी, दोघांनीही हा संवाद सावकाश वाचावा. देवगिरीच्या धनाचा मालक कोण, हा प्रश्न त्याला गादीवर बसल्यावरही छळत होता.

आता दक्षिणेच्या दुसऱ्या पर्वाकडे येऊ. रामदेवरावाकडून खंडणी येईनाशी झाली तेव्हा १३०७ च्या सुमारास, आता सेनापती झालेल्या काफूरला देवगिरीवर पाठवले. इसामीच्या मते, मुलगा बंडखोर झाला असून मी त्याच्या हाती सापडलो आहे, असा निरोप रामदेवरावानेच गुप्तपणे पाठवला होता. राजाला दिल्लीस नेले, पण तेथे त्याचा अपमान झाला नाही. सहा महिने मानाने ठेवून, ‘राय रायान’ हा किताब, छत्र, एक लाख टंके आणि नवसारीचा प्रदेश देऊन त्याला परत पाठवले. एक लाख टंके दिले कशासाठी? कारण देवगिरी आता दक्षिणेच्या मोहिमांचे ठाणे होणार होती. १३०९ मध्ये वरंगळवर आणि १३११ मध्ये होयसळांची राजधानी द्वारसमुद्र व मअबर, म्हणजे मदुरेकडचा पांड्यांचा मुलूख, यांवर काफूर गेला तेव्हा त्याची रसद, बाजार आणि वाटाडे देवगिरीने पुरवले, आणि यादवांच्या दक्षिण सरहद्दीवरील ज्या सरदाराने त्याला होयसळांच्या मुलुखात वाट दाखवली त्याला खुसरो ‘दळवी’ म्हणतो. फार्सी मजकुराच्या मध्यावर हा आपला शब्द अचानक भेटतो तेव्हा वाचणारा क्षणभर थबकतो.

वरंगळला निघताना सुलतानाने काफूरला दिलेल्या सूचना बरनीने नोंदवल्या आहेत, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. रायाने खजिना, हत्ती, घोडे दिले आणि दरसालची खंडणी कबूल केली तर तेवढ्यावर समाधान मानावे, त्याला पकडून आणण्याचा किंवा किल्ला घेण्याचा हट्ट धरू नये, आणि शिपायांना क्षुल्लक चुकांवरून छळू नये, असा त्यांचा आशय आहे. आपल्याकडे ज्याला मुलूखगिरी म्हणतात तोच हा प्रकार. दक्षिणेत कायमची ठाणी ठेवायची तर दरसाल तेथे पगार पाठवावा लागला असता, आणि तीच फौज मंगोलांच्या वाटेवर कमी पडली असती. वरंगळच्या वेढ्यात वाटेवरची डाकचौकी तुटून चाळीस दिवसांहून अधिक काळ बातमी आली नाही तेव्हा सुलतान किती बेचैन झाला, हेही बरनी सांगतो. ज्या मुलुखाची बातमी महिना-दीड महिना येऊ शकत नाही तो मुलूख दिल्लीतून चालवता येणार नाही, हे त्याला समजत होते. म्हणून प्रतापरुद्र वरंगळला राहिला, बल्लाळ द्वारसमुद्राला राहिला, आणि ऑक्टोबर १३११ मध्ये काफूर दिल्लीला परतला तेव्हा सोबत हत्ती, घोडे आणि सोने आले. हत्ती खुसरो ५१२ म्हणतो, बरनी ६१२. सोन्याचा बरनीचा आकडा ९६ हजार मण आहे, आणि तो मी वर्गात कधीही तथ्य म्हणून सांगत नाही.

रामदेवराव वारल्यावर त्याच्या मुलाने खंडणी बंद केली. १३१३ मध्ये काफूरने देवगिरी ताब्यात घेतली, म्हणजे स्वतः आखलेले धोरण अलाउद्दीनला शेवटी मोडावे लागले, कारण मांडलिक राजा विश्वासू नसेल तर दक्षिणेच्या सगळ्या मोहिमांचे दारच बंद होत होते. तोपर्यंत तो जलोदराने अंथरुणाला खिळला होता. काफूरला परत बोलावून घेतले गेले, आणि जानेवारी १३१६ मध्ये सुलतान मरण पावला. काफूरने गादीवर बसवलेला शिहाबुद्दीन उमर हा पाच-सहा वर्षांचा मुलगा. त्याची आई झट्यपली ही रामदेवरावाची मुलगी होती, असे फार्सी इतिहासकार सांगतात. म्हणजे काही आठवडे का होईना, दिल्लीच्या तख्तावर यादवांचा नातू बसला होता. महिनाभरातच काफूरचा खून झाला आणि अलाउद्दीनचा दुसरा मुलगा मुबारकशाह पुढे आला. त्याने कैदी सोडले, जप्त जमिनी परत केल्या, आणि बाजारावरचा धाक उठताच भाव वर चढले.

याच गोंधळात देवगिरीत रामदेवरावाचा जावई हरपाळदेव उठला. मुबारकशाह स्वतः चालून आला, हरपाळदेवाला पकडून अत्यंत निर्घृणपणे जिवंत सोलले, जागोजाग ठाणी बसवली, दिल्लीचे अधिकारी नेमले, आणि मंदिरांचे खांब वापरून मशीद उभारली. ते खांब आजही किल्ल्याच्या पायथ्याशी जागेवर उभे आहेत. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: १२९६ हे देवगिरीच्या लुटीचे वर्ष आहे, १३१३ हे काफूरने केलेल्या ताब्याचे, आणि यादवांचे राज्य संपून त्यांचा मुलूख खालसा झाल्याचे वर्ष १३१८ लिहावे.